फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते: विंडोज ७ वर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

आधी लक्षणं बघा. दिसायला सगळी सारखी वाटतात, पण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. त्यामुळे तुमचं नेमकं कोणतं ते ओळखूनच पुढे जा.

- सातबाऱ्याची पीडीएफ डबल क्लिक केली की ब्राउझरमध्ये उघडते, हवा असतो अॅडोबी रीडर.
- फाइल नोटपॅडमध्ये किंवा दुसऱ्याच कशात तरी उघडते आणि पानभर विचित्र चिन्हं दिसतात.
- ‘विंडोज कान्ट ओपन धिस फाइल’ अशी चौकट येते.
- ‘ओपन विथ’मध्ये ब्राउझ करून प्रोग्रॅम दाखवला तरी तो यादीत येतच नाही.
- प्रोग्रॅम बदलला, चालला, आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यासारखं.
- डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन एकसारखे झाले. कशावरही क्लिक केलं तरी एकच प्रोग्रॅम उघडतो.
- कोणताच प्रोग्रॅम सुरू होत नाही.

आमच्या भागातल्या ई-सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे अजून विंडोज ७ भरपूर आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केला. तरी जुनं सॉफ्टवेअर आणि जुना प्रिंटर त्याच्यावरच चालतो म्हणून लोक ते सोडत नाहीत, आणि त्यांची अडचण खरी आहे. ही तक्रार अशा मशीनवर पुन्हा पुन्हा येते. मी ती ज्या क्रमाने सोडवतो तोच क्रम इथे देतोय.

मुळात होतं काय

विंडोज फाइलच्या आत काय आहे ते बघत नाही. नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, म्हणजे एक्स्टेंशन, तेवढंच बघतं. त्या एक्स्टेंशनपुढे कोणता प्रोग्रॅम लावायचा याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, असते आणि डबल क्लिक केल्यावर ती नोंद वाचली जाते. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही, तसंच हे. म्हणून बिघाड तीनच ठिकाणी असू शकतो: एक्स्टेंशन चुकलंय, प्रोग्रॅमला तो प्रकार उघडताच येत नाही, किंवा नोंद चुकलीय. नोंद बदलण्याची घाई सगळे करतात. पहिल्या दोन शक्यता तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि त्या आधी तपासल्या की पुष्कळदा पुढचं काही करावंच लागत नाही.

नोंद चुकल्याने फाइलला काही होत नाही. धोका वेगळ्याच गोष्टीत आहे. वर्डची किंवा पीडीएफ फाइल चुकून नोटपॅडमध्ये उघडली आणि बंद करताना ‘सेव्ह’ दाबलं, तर फाइल कायमची खराब होते. भलत्या प्रोग्रॅममध्ये उघडलेली फाइल नेहमी ‘डोन्ट सेव्ह’ करूनच बंद करा. दुकानात काम करणाऱ्या मुलांना हे एकदा नीट सांगून ठेवा.

पहिली तपासणी: एक्स्टेंशन डोळ्यांनी बघा

कोणतंही फोल्डर उघडा. ऑर्गनाइझ, मग ‘फोल्डर अँड सर्च ऑप्शन्स’, मग व्ह्यू. तिथे ‘हाइड एक्स्टेंशन्स फॉर नोन फाइल टाइप्स’ची टिक काढा. विंडोज ही टिक सुरुवातीपासून लावूनच देतं, त्यामुळे नावाचा शेवटचा भाग दिसत नाही आणि बिघाडही दिसत नाही.

आता नाव पूर्ण वाचा. नावाच्या शेवटी एक्स्टेंशनच नसेल, तर विंडोजला काय करायचं ते कळत नाही. मोबाइलवरून कॉपी केलेल्या फायलींत हे बरेचदा दिसतं. फाइल कसली आहे ते माहीत असेल तर राइट क्लिक, रीनेम, आणि शेवटी टिंब देऊन योग्य अक्षरं लिहा. झालं काम.

नावात दोन एक्स्टेंशन असतील आणि त्यातलं शेवटचं ‘ईएक्सई’ असेल, उदाहरणार्थ ‘बायोडेटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’, तर तिला हात लावू नका. ती पीडीएफ नाही, पीडीएफचं सोंग घेतलेला प्रोग्रॅम आहे. न उघडता डिलीट करा आणि अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा.

दुसरी: फाइल खरंच ती आहे का

नाव बदललं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. आयफोनच्या फोटोचं ‘एचईआयसी’ काढून ‘जेपीजी’ लिहिलं तरी तो जेपीजी होत नाही.

प्रॉपर्टीजमध्ये साइज शून्य केबी दिसली तर डाउनलोड अर्धवट झालंय. परत डाउनलोड करा, बाकी काही शोधत बसू नका. साइज ठीक असेल तर नोटपॅड उघडा आणि फाइल ओढून त्यात टाका. फाइल खूप मोठी असेल तर हे करू नका, नोटपॅड अडकून बसतं. अगदी सुरुवातीची अक्षरं वाचा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने होते आणि त्याला लागूनच पीडीएफ ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. पी आणि के ही दोन अक्षरं दिसली तर ती झिप घराण्यातली फाइल. वर्डची डॉकएक्स आणि एक्सेलची एक्सएलएसएक्स हीसुद्धा आतून झिपच असते. पीएनजी चित्रात पहिल्या चिन्हानंतर पीएनजी अशीच अक्षरं असतात.

आणि सुरुवातीलाच कोनी कंसात डॉकटाइप एचटीएमएल असं दिसलं, तर ती पीडीएफ नव्हेच, ते वेबसाइटचं पान आहे. लॉगिनची मुदत संपल्यावर डाउनलोडचं बटण दाबलं की कधी कधी पीडीएफच्या नावाखाली ‘पुन्हा लॉगिन करा’ असं सांगणारं पान सेव्ह होतं. मग रीडर ‘फाइल डॅमेज्ड’ म्हणतो आणि माणूस रीडर काढून परत टाकत बसतो. रीडर ठीक असतो. पुन्हा लॉगिन करून फाइल परत घ्या.

इथेच एक वेगळी गोष्ट सांगून ठेवतो. फाइल बरोबर प्रोग्रॅममध्ये उघडते, मांडणीही ठीक दिसते, पण मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो, तर तो फाँटचा प्रश्न आहे. मजकूर युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे आणि तो फाँट या मशीनवर नाही. प्रोग्रॅम कितीही बदला, अक्षरं सुधारणार नाहीत. फाँट टाका.

तिसरी: प्रोग्रॅमला ते जमतं का

वर्ड २००३ ला डॉकएक्स आपणहून उघडता येत नाही, कारण तो प्रकार ऑफिस २००७ पासून आला. आयफोनचे एचईआयसी फोटो आणि वेबपी चित्रं विंडोज ७ च्या फोटो व्ह्यूअरला समजत नाहीत. नव्या मोबाइलचे एचईव्हीसी व्हिडिओ मीडिया प्लेअरमध्ये चालत नाहीत, व्हीएलसीमध्ये चालतात. कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅमची नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली सीडीआर फाइल जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. पाठवणाऱ्याला सेव्ह करताना जुनं व्हर्जन निवडायला सांगा. पेजमेकर ७ ची फाइल ६.५ ला चालत नाही, तिथेही हाच मार्ग.

यांपैकी काही असेल तर नोंदीशी खेळण्यात अर्थ नाही. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, इरफानव्ह्यू असे फुकट प्रोग्रॅम बरंच काही उघडतात. डाउनलोड मात्र त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. शोधल्यावर सर्वांत वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको, तिथूनच भलते प्रोग्रॅम मशीनमध्ये शिरतात.

चौथी: आता नोंद बदला

फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, ‘चूज डीफॉल्ट प्रोग्रॅम’. वरच्या भागात विंडोजने सुचवलेले प्रोग्रॅम दिसतात. ‘अदर प्रोग्रॅम्स’ शेजारचा छोटा बाण दाबला की बाकीचे दिसतात. हवा तो निवडा, खालची ‘ऑल्वेज यूज’ची टिक आहे याची खात्री करा, ओके.

ती टिक विंडोज आपणहून लावून ठेवतं आणि निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. एकदाच काही बघायचं म्हणून भलता प्रोग्रॅम निवडला की त्या प्रकारच्या सगळ्या फायली त्याच्याकडे जातात. फक्त या वेळेपुरतं उघडायचं असेल तर टिक काढा.

एकाच वेळी बरेच प्रकार एका प्रोग्रॅमला द्यायचे असतील तर कंट्रोल पॅनल, डीफॉल्ट प्रोग्रॅम्स, ‘सेट युअर डीफॉल्ट प्रोग्रॅम्स’ इथून जा. सगळे व्हिडिओ व्हीएलसीला असं एका फटक्यात होतं.

पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत, त्यांची गल्लत करू नका. डाउनलोड झालेली फाइल फोल्डरमधून डबल क्लिक केल्यावर ब्राउझरमध्ये जात असेल, तर वरचा उपाय चालतो. वेबसाइटवरची लिंक दाबल्यावर पीडीएफ तिथल्या तिथेच उघडत असेल, तर ती ब्राउझरची स्वतःची सेटिंग आहे आणि विंडोजमध्ये काहीही बदललं तरी फरक पडणार नाही. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’ शोधा आणि ‘डाउनलोड पीडीएफ्स’ निवडा. मग फाइल आधी फोल्डरमध्ये येईल.

डिजिटल सहीच्या सातबाऱ्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. क्रोम फक्त पान दाखवतो, सही खरी की खोटी हे तपासत नाही. सहीची तपासणी अॅडोबी रीडरमध्ये होते. सहीवर क्लिक करून ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’ केलं आणि सर्टिफिकेटवर विश्वास ठेवल्याचं नोंदवलं की प्रश्नचिन्ह जाऊन हिरवी खूण येते. ई-आधारच्या पीडीएफचंही असंच. दस्ताची खातरजमा करायची असेल त्या मशीनवर पीडीएफ रीडरलाच जोडलेली असली पाहिजे, यात सोय-गैरसोय बघू नका.

पाचवी: बदल टिकत का नाही

पहिला प्रश्न: मशीनवर यूजर किती? ही नोंद प्रत्येक यूजरची वेगळी असते. मालकाच्या लॉगिनमध्ये बदललं तर ऑपरेटरच्या लॉगिनमध्ये जुनंच राहतं.

दुसरा: एकाच कामाचे दोन प्रोग्रॅम आहेत का? दोन पीडीएफ रीडर असले की प्रत्येक जण अपडेट झाला की नोंद स्वतःकडे ओढायला बघतो. एक ठेवा, दुसरा काढून टाका. दोन्ही लागत असतील तर नको असलेल्याच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट’चा पर्याय शोधून बंद करा.

तिसरा: मशीन शाळेच्या लॅबमधलं किंवा सायबर कॅफेतलं आहे का? तिथे रीस्टार्टनंतर सगळं मूळपदावर आणणारं सॉफ्टवेअर टाकलेलं असू शकतं. मग ज्याच्याकडे त्याचा पासवर्ड आहे त्यालाच विचारा.

सहावी: प्रोग्रॅम यादीत येतच नाही

डीटीपीवाल्यांचा हा हक्काचा प्रश्न. मशीनवर कोरलची दोन व्हर्जन, फाइल जुन्यात उघडायची, ब्राउझ करून जुन्या कोरलवर बोट ठेवलं तरी उघडतं नवीनच. कारण दोन्ही व्हर्जनच्या मुख्य फाइलचं नाव एकच असतं, आणि विंडोज ही नोंद त्या नावाने ठेवतं. एका नावाला एकच पत्ता. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवरून काढून डी वर टाकला तरी असंच होतं: नाव जुनं, पत्ता मेलेला, म्हणून यादीत काही येत नाही.

रजिस्ट्रीत जाण्याआधी हे करून बघा. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, रनच्या चौकटीत ‘शेल’, कोलन आणि ‘सेंडटू’ हे इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहा, एंटर. जे फोल्डर उघडेल त्यात जुन्या कोरलचा शॉर्टकट ठेवा आणि त्याला व्हर्जन कळेल असं नाव द्या. आता कोणत्याही सीडीआरवर राइट क्लिक, सेंड टू, आणि हवं ते व्हर्जन. कोणतीही नोंद बदलत नाही, काही बिघडायची भीती नाही, आणि दोन्ही व्हर्जन हाताशी राहतात. दोन कोरल असलेल्या दुकानात मी हेच करून देतो.

डबल क्लिकच हवा असेल तर रजिस्ट्री. रनमध्ये ‘रेजएडिट’. आधी फाइल, एक्स्पोर्ट करून बॅकअप घ्या. मग एचकी क्लासेस रूट, त्यात अॅप्लिकेशन्स, त्यात प्रोग्रॅमच्या नावाची किल्ली (रजिस्ट्रीतली ‘की’, डावीकडे फोल्डरसारखी दिसते), त्यात शेल, ओपन, कमांड. उजवीकडे ‘डीफॉल्ट’मध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता दिसेल. अवतरणचिन्हांमधला पत्ता दुरुस्त करा. शेवटी टक्क्याचं चिन्ह आणि एक असं जे लिहिलंय ते काढू नका. क्लिक केलेल्या फाइलचं नाव त्या जागी जातं. ते उडालं की प्रोग्रॅम उघडतो, पण रिकामा, आणि नवीनच कोडं तयार होतं. पत्ता नीट झाला की ओपन विथमधून पुन्हा निवडा.

सातवी: सगळे आयकॉन एकसारखे

माणसं यालाच सर्वांत जास्त घाबरतात. डेस्कटॉप भरून पीडीएफचे आयकॉन, ब्राउझर उघडला तरी रीडर सुरू होतो. झालेलं असतं एवढंच, की ‘नेहमी याच प्रोग्रॅमने उघडा’ ही नोंद शॉर्टकट या प्रकारालाच लागलेली असते. शॉर्टकटचं एक्स्टेंशन एलएनके. डेस्कटॉपवरचे बहुतेक आयकॉन शॉर्टकटच असल्याने सगळे एकदम बदलतात. प्रोग्रॅम आणि फायली जागच्या जागी शाबूत असतात.

म्हणून रीडर अनइन्स्टॉल करू नका. त्याने नोंद जात नाही, आयकॉन फक्त पांढरे होतात.

रन, रेजएडिट. शॉर्टकट बिघडले असले तरी रनमधून हे उघडतं. बॅकअप घ्या. एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स, आणि त्यात टिंबाने सुरू होणारं एलएनके. त्याच्या आतली ‘यूजरचॉइस’ ही किल्ली डिलीट करा. फक्त तेवढीच. लॉग ऑफ करून परत लॉगिन केलं की आयकॉन जागेवर येतात. उघडतंय बरोबर पण चित्रं जुनीच दिसतायत, असं झालं तर तो आयकॉनच्या साठवणीचा प्रश्न, एकदा रीस्टार्ट करून बघा.

रजिस्ट्रीत जायचं नसेल तर सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्ज आधीच्या तारखेला होत्या तशा करणं. एक-दोन दिवस आधीची तारीख निवडा. तुमची कागदपत्रं तशीच राहतात. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम मात्र परत टाकावे लागतील.

एक्सपी आणि विंडोज १०

एक्सपीत माय कॉम्प्युटरच्या टूल्स, फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘फाइल टाइप्स’ असा स्वतंत्र टॅब आहे, तिथूनच बदला. ७ मध्ये तो टॅब शोधू नका, तो काढून टाकलाय. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, अॅप्स, डीफॉल्ट अॅप्स. विंडोज ८ पासून यूजरचॉइसमध्ये पडताळणीचा कोड असतो. तिथे हाताने प्रोग्रॅमचं नाव लिहिलं तर विंडोज ते मानत नाही आणि आपलं मूळ डीफॉल्ट लावतं. १० वर सेटिंग्जमधूनच करा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कोणताच प्रोग्रॅम सुरू होत नसेल, म्हणजे ईएक्सईचीच नोंद बिघडली असेल, तर मशीन सुरू होताना एफ-८ दाबून ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’मध्ये जा आणि तिथून सिस्टम रिस्टोअर करून बघा. जमलं नाही तर पुढे जाऊ नका. दुरुस्ती होते, पण ती कमांड प्रॉम्प्टमधून करावी लागते. बिघाडामागे बरेचदा व्हायरस असतो, आणि तो तसाच राहिला तर दुरुस्ती टिकत नाही.

पेनड्राइव्हमधली सगळी फोल्डर अचानक शॉर्टकट झाली असतील तर तो व्हायरस आहे. शॉर्टकटवर क्लिक करू नका, पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावू नका. खरी फोल्डर आत लपवलेली असतात, जाणकार ती परत आणू शकतो. फॉरमॅट करून बसू नका.

सगळ्या फायलींच्या नावांपुढे एकच अनोळखी एक्स्टेंशन लागलं असेल आणि फोल्डरमध्ये पैसे मागणारी टेक्स्ट फाइल असेल, तर तो खंडणीचा हल्ला आहे. नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची हार्ड डिस्क अजिबात जोडू नका. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करा, हेल्पलाइन १९३०.

जाणकार आला आणि वरच्या एक ते सातमधल्या कारणासाठी ‘फॉरमॅट मारावं लागेल’ म्हणाला, तर नको म्हणा. एका चुकलेल्या नोंदीसाठी फॉरमॅटची गरज नसते. ज्या मशीनवर डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या तुकड्यावर) चालणारं जुनं मराठी फाँटचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याची सीडी सापडत नाही, तिथे तर फॉरमॅट म्हणजे धंदा बंद. आधी विचारा की कोणती नोंद बिघडलीय, आणि बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू देऊ नका. नेटवरची ‘रजिस्ट्री क्लीनर’ छापाची सॉफ्टवेअरंही टाकू देऊ नका.

फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: विंडोज कोणतं, फाइलचं पूर्ण नाव एक्स्टेंशनसकट, स्क्रीनवर आलेल्या संदेशाचा मोबाइलने काढलेला फोटो, आणि बिघाड दिसण्याआधी शेवटचं कोणतं सॉफ्टवेअर टाकलं. एवढं हाताशी असलं तर पुष्कळदा फोनवरच काम होतं आणि व्हिजिटचे पैसे वाचतात.